साखळीमामांची समुद्रसफर

कामरगावच्या साखळीमामांचा उभ्या गाडीवर विश्वास नव्हता. सपाट अंगणात बैल सोडलेली बंडी असली तरी ते तिच्या चाकामागे दगड सरकवत. कुणी हसलं तर म्हणत, "गाडी उभी नसते बापू, जराशीक दम खाऊन राह्यते."

हा अविश्वास त्यांच्या पोटापाण्याचा होता. पन्नासच्या दशकात मामा मुंबई बंदरात ट्रॅक्टर, रोडरोलर असली अवजड चाकांची धुडं जहाजाच्या पोटात साखळ्यांनी जखडायचं काम करत. क्रेननं रोलर आत उतरवला की आधी त्याला दोन प्रदक्षिणा, मग बांधणी. नऊ वर्षं हे केलं, पण जहाज सुटायच्या आत ते धक्क्यावर उतरलेले असत. समुद्राची त्यांना भयंकर भीती. पाणी विहिरीतच बरं दिसतं, असं त्यांचं वऱ्हाडी मत होतं.

मी त्यांचा आसेगावचा भाचा. मॅट्रिक झालो एवढ्या भांडवलावर त्यांनी मला तिथंच कारकुनीला चिकटवलं आणि मी लगेच त्यांना अक्कल शिकवू लागलो. एकदा कोचीनला जाणाऱ्या रोलरसाठी गोदामातून साखळ्या मागवायच्या होत्या. मामांनी आठ सांगितल्या. रोलरला चाकं तीन, त्याला आठ साखळ्या कशाला, असा विचार करून मी चिठ्ठीत तीन लिहिल्या. या काटकसरीबद्दल साहेब पाठ थोपटतील, अशीही आशा होती.

चूक उघडी पडली तेव्हा भरती आली होती आणि गोदामवाला कुलूप लावून जेवायला गेला होता. कप्तान थांबायला तयार नव्हता. ब्रेक लावलेला आहेच की, असं मी सुचवून पाहिलं. दहा टनांचा रोलर लाटांवर सुटला तर जहाजाची कूस फोडून बाहेर जाणार, आणि वर तीस माणसं. मामांनी उरलेल्या जागी काथ्याचे दोर आवळले, चाकांखाली पाचरी ठोकल्या. पण समुद्रात दोर सैल पडतात, ते पुन्हा पुन्हा आवळायला माणूस लागतो.

"तू उतर," ते म्हणाले. "मामीले कार्ड टाक, मी मजेत आहो म्हणून."

जहाज हललं तेव्हा मी धक्क्यावरून रुमाल हलवत होतो. दुसरं काही मला येतही नव्हतं.

पंधरा दिवसांनी मामा रेल्वेनं परतले ते निम्मे होऊन. रोलर जसाच्या तसा पोचला होता. न विचारता का गेलात, असं साहेबांनी दरडावलं, तेव्हा मामांनी सांगितलं की समुद्र पाहायची हौस होती. साहेबांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी शेजारीच उभा होतो. खरं काय ते बोलायला हवं होतं, पण मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात तो धडा नव्हता. त्याची लाज मला अजून वाटते.

मामा पुढे कामरगावला शेती करत राहिले, तिथंच गेले. मी गेलो की मामी आजही मला पाट मांडते आणि नातवंडांना गोळा करून सांगते, "यानंच तुमच्या आज्याले जहाजात बसवून समुद्र दाखवला. मरेपर्यंत याचं नाव घेत होते."

मी मान खाली घालतो. मामीला तो माझा विनय वाटतो.