विष्णूकाकांची उशी

इथे अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या शेजारी राहणारे विष्णूकाका दर रविवारी सकाळी पाठीमागे उशी लावून स्पोर्ट्स कार चालवायला निघत. साठी उलटलेला माणूस, लालभडक मॅझ्दा आरएक्स-एट आणि फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी! मी हटकून चिडवायचो, "काका, कंबर गेली तरी हौस जात नाही." ते नुसतं हसायचे.

गाडी मुळात निहारची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. पहिल्या पगारावर त्याने ती सेकंडहँड घेतली तेव्हा काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. कंपनीने दोन हजार बारा सालीच बनवणं थांबवलेली गाडी, पेट्रोल पिणार, वर ऑइलही पिणार! पण काका नागपूरचे मेकॅनिकल इंजिनियर, आणि इथे तीस वर्षं गेली इन्शुरन्सचं सॉफ्टवेअर लिहिण्यात. या इंजिनात वर-खाली होणारे पिस्टनच नाहीत, तिकोनी रोटर गरगरतात, हे पाहिलं आणि गडी पाघळला. मग सुट्टीच्या दिवशी बापलेक गॅरेजमध्येच. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी काकांनी मला पकडून समजावलंय: रोटरच्या टोकांच्या सील्सना तेल लागतं, म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं. आणि गार इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. प्लग पेट्रोलने भिजतात आणि बाईसाहेब रुसतात.

दोन वर्षांपूर्वी निहार गेला. सव्वीस वर्षांचा. गाडीने नव्हे, ऑफिसात बसल्या बसल्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर सरलाकाकूंनी त्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. काका मात्र दर रविवारी ती फिरवून, इंजिन चांगलं तापवून आणत. मला वाटायचं, हा माणूस सावरला. डोंबल सावरला होता!

यंदा जानेवारीत गॅरेजमधला वॉटर हीटर बदलायला प्लंबर आला. काका ऑफिसात. प्लंबर म्हणाला, गाडी बाहेर काढा. काकूंनी ती दहा फूट मागे घेतली आणि बंद केली. प्लंबर गेल्यावर ती पुन्हा सुरू होईना, आणि स्टार्टर मारून मारून बॅटरीही उतरली. संध्याकाळी काकांनी मला जंपर केबल घेऊन बोलावलं, तेव्हा गाडी ड्राइव्हवेत बर्फात निपचित उभी होती.

"गार इंजिन बंद केलंस, सरला?" काका म्हणाले. पण रागावले नव्हते. "चालू होईल. डीफ्लड करू, आतलं पेट्रोल सुकवू." त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"सीट पुढे घेतलीस?"

"माझे पाय पुरेनात हो."

"निहारने ठेवली होती तशीच होती ती. मी हलवली नव्हती."

सहा फुटी निहार आणि ठेंगणे काका. उशी कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं, आणि माझ्या थट्टेची मलाच लाज वाटली.

काकू काकांकडे बघतच राहिल्या. "दोन वर्षं? त्याचं एवढं उरलंय, आणि मला सांगितलं नाहीत? अहो, मी येऊन बसले असते त्यात!"

काकांनी सीट मागे सरकवली. मग एक खाच पुढे घेतली, परत मागे. "ही होती. नाही, ही नसेल." बराच वेळ नुसता खटखट आवाज येत राहिला. त्यांना आठवेना.

शेवटी मी माझ्या गाडीला केबल जोडली. भिजलेलं इंजिन सुकवायला ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबून धरावा लागतो, मग पेट्रोल येणं थांबतं. काकांनी स्टार्टर मारला. सीट मागे, पाय पुरेना. पुन्हा मारला, तेच. उशी घरात होती. मी ती आणायला वळलो, तर काकांनी हात करून मला थांबवलं. त्यांनी सीट पुढे ओढली, आपल्या पायांच्या मापाने, आणि पेडल तळाला टेकवलं. इंजिन खोकलं, पांढरा धूर सुटला आणि गाडी सुरू झाली.

काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते हुंदके देऊन रडू लागले. दोन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

काकू दुसऱ्या बाजूने जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. इंजिन चालूच होतं. काकांचा हात किल्लीकडे गेला, तसा काकूंनी तो धरला.

"बंद करू नका ना," त्या म्हणाल्या. "अजून गार आहे."