आधी गा, मग बोला

भोईर सरांशी माझी ओळख एका वादातून झाली आणि त्या वादात मी हरले.

मी उल्हासनगरच्या आमच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. ते अर्थशास्त्र शिकवत. गणपतीचे दिवस होते. समोरच्या मंडळाचा कर्णा सकाळपासून एकच हिंदी गाणं वाजवत होता. स्टाफरूममध्ये मी म्हणाले की या दशकातलं संगीत म्हणजे नुसता गोंगाट आहे. शब्दांना अर्थ नाही, चालीला स्वतःचं काही नाही. भोईर सर खिडकीजवळ पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे गाणं येतं का?" मी म्हणाले, येत नाही. ते म्हणाले, "बघा तरी गाऊन."

मी गायले. मुखडा आला. पहिला अंतरा आला. दुसराही आला. स्टाफरूम हसत होती. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आता तुमच्या अभ्यासक्रमातली एखादी कविता म्हणा. न बघता." मला तीन ओळींपुढे जाता आलं नाही. त्यांनी पुन्हा पेपर हातात घेतले.

रविवारच्या बैठकीचा नियम हाच होता, हे मला पुढे कळलं. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात सरांचं घर आहे. तिथे रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर काही माणसं जमत आणि नव्वदच्या दशकातल्या गाण्यांवर वाद घालत. विषय दुसरा नसे. ज्याला गाण्याची निंदा करायची असेल, त्याने ते आधी पूर्ण गाऊन दाखवायचं. आवाज कसाही चालेल, शब्द चुकता कामा नयेत. एक शब्द चुकला की सर हात वर करत आणि त्या माणसाचा बोलण्याचा हक्क त्या दिवसापुरता जाई. स्तुती करायला काही अट नव्हती. सर म्हणत, स्तुती आळशी असते, तिला कोण अडवणार.

या नियमात एक फास होता. गाणं पूर्ण पाठ असलेला माणूस त्याला टाकाऊ म्हणायला तोंड उघडतो, तेव्हा तो अर्धा हरलेला असतो. सरांना ते माहीत होतं. तरी ते वाद मनापासून ऐकत. 'ऐकत' हा शब्द इथे मी विचार करून लिहिते आहे.

माझी बाजू अशी होती. दुःखाच्या गाण्याखाली आणि नाचाच्या गाण्याखाली त्या काळात ढोलकाचा एकच ठेका वाजत राहिला. जुन्या गाण्यांवरही तोच ठेका चढवून त्यांच्या नव्या कॅसेटी निघाल्या. शब्द जागा भरण्यापुरते उरले. सर म्हणत, ओवीचीही चाल एकच असते. मी म्हणे, ओवीत शब्द बदलतात, बाई बदलते, दुःख बदलतं. "मग तुमची तक्रार शब्दांविषयी आहे," ते म्हणत. "संगीताविषयी नाही. ते वेगळं मांडा. पुढच्या रविवारी." आणि मी आठवडाभर ते वेगळं मांडायच्या तयारीत असे. माझ्या वर्गातल्या व्याख्यानांसाठी मी तेवढी तयारी कधी केली नसेल.

किशनभाईंचं तेव्हा उल्हासनगरला कॅसेटचं दुकान होतं. बैठकीला ते पहिल्यापासून आहेत. गाण्यांचे प्रकार ठरवण्यावरून त्यांचं आणि सरांचं वर्षानुवर्षं जुंपे. किशनभाईंच्या दुकानातले कप्पे गायकांप्रमाणे नव्हते की चित्रपटांप्रमाणे नव्हते. रिक्षा, शादी, नवरात्र, सलून, असे कप्पे होते. गाणं वाजणार कुठे, त्यावरून त्याची जात. मला हे हास्यास्पद वाटे. सरांना ते अर्धंच पटे. रिक्षातलं गाणं लग्नात वाजलं तर त्याचा प्रकार बदलतो का, असं ते विचारत. किशनभाई म्हणत, "सर, बदलतो ना. ग्राहक बदलला की माल बदलला." सर म्हणत, मग तुमच्याकडे एकच कप्पा आहे, गल्ल्याचा. हा वाद कधी मिटला नाही. दुकान मिटलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

सरांच्या मूल्यांविषयी लिहायचं तर त्यांच्या आत्याविषयी लिहायला हवं. सर मूळचे बदलापूर गावातले, आगरी घरातले. त्यांची आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी ती धवलारीण. गाणी तिला तोंडपाठ असतात आणि तिच्यावाचून लग्न पुढे सरकत नाही. नव्वदच्या दशकात हळदीला कॅसेटी वाजू लागल्या. आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटी, मागे सिंथेसायझर. काही वर्षांत आत्याला बोलावणी येईनाशी झाली. एका रविवारी मी हे सरांसमोर ठेवलं. तुम्ही ज्या संगीताची बाजू घेता, त्याने तुमच्याच घरातलं गाणं संपवलं, असं म्हणाले. एवढं स्पष्ट बोलायला नको होतं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

सरांच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं. ते म्हणाले की ते खरं आहे, संपवलं. मग त्यांनी आपल्या मुलीच्या हळदीचा प्रसंग सांगितला. आत्या थकली होती. सरांनी तिला मुद्दाम बोलावून आणलं, मांडवात बसवलं आणि टेप बंद केला. आत्या म्हणाली, "मना कशाला बोलवलंस? टेप लाव. त्याचा गला बसत नाय."

"मी टेप लावला," सर म्हणाले. "तुमचा मुद्दा बरोबर आहे, मॅडम. पण आत्याची बाजू कोण मांडणार?"

आपल्या आवडत्या गोष्टीची बाजू घेताना तिने केलेलं नुकसान नाकारायचं नाही, ही शिस्त मी सरांकडून शिकले. मला ती त्यांच्याइतकी साधलेली नाही.

माझे यजमान गेले तेव्हा घरी पुष्कळ माणसं येऊन गेली. सगळे त्यांच्याविषयी चांगलं बोलले. ते बैठकीला माझ्यासोबत येत आणि एका गायकाला त्या दशकातला सर्वश्रेष्ठ मानत. सरांना ते मान्य नव्हतं. तेराव्यानंतर सर आले. पाणी घेतलं. मग म्हणाले, "त्या गायकाबद्दल साहेबांचं मत चूक होतं. मेले म्हणून ते बरोबर ठरत नाही. मी ते बदलणार नाही." त्या दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि मग रडले. इतर सगळ्यांनी त्यांना फोटोत बसवलं होतं. सरांनी त्यांना वादात ठेवलं.

यापुढचं लिहिणं अवघड आहे. सरांच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी आनंदाचे प्रसंग मागितले आहेत.

काही वर्षांपूर्वी किशनभाईंनी बैठकीत मोबाइलवर एक गाणं लावलं. सरांनी विचारलं, "ह्यात बासरी होती ना? ही नवी प्रत आहे का?" बासरी वाजत होती. आम्ही सगळे ती ऐकत होतो. मग किशनभाई म्हणाले, "हां सर, नवीन व्हर्जन आहे. त्याच्यात काढली ती." सरांनी मान हलवली आणि त्या काल्पनिक संगीतकाराला नावं ठेवली.

बासरीमागून व्हायोलिन गेलं. मग गाण्यातले शब्द गेले. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं दिली. समोर बसून सावकाश बोललेलं कळेल, संगीताची आशा धरू नका, असं सांगितलं. सरांनी घरी येऊन आधी गाणंच लावलं. कसं वाटलं, असं सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, विचारलं. ते म्हणाले, पत्र्यावर खिळे सांडल्यासारखं. सुमनताई आम्हाला म्हणाल्या, "मी बोललेलं ऐकू येतं आणि गाणं येत नाही. माझं बरंच झालं म्हणायचं." त्या हसल्या. मग आत चहा टाकायला गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.

बैठक चालू राहिली. पण आम्ही एक चूक केली, आणि ती ठरवून केली नाही. आम्ही सरांशी सहमत होऊ लागलो. ते काही मांडत आणि आम्ही माना डोलावत. निंदा कोणी करेना, म्हणून गाणंही कोणी गाईना. त्यांना ऐकू येणार नाही असं काही त्यांच्यासमोर करायला नको, असं प्रत्येकाला वाटत होतं. बैठका लवकर संपू लागल्या. माणसं कमी होत गेली. जी उरली ती सरांना बघायला येत, जसं आजाऱ्याला बघायला जातात.

एका रविवारी सर म्हणाले की रीमिक्स हा त्या काळाचा सगळ्यात प्रामाणिक प्रकार होता. आम्ही माना डोलावल्या. थोड्या वेळाने म्हणाले, रीमिक्ससारखी लबाडी त्या काळात दुसरी नव्हती. आम्ही पुन्हा डोलावल्या.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध बोललो. तुम्ही दोन्हींना हो म्हणालात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, साहेब गेले तेव्हा मी काय म्हणालो होतो? बहिरा झालो म्हणून माझंही बरोबर ठरत नाही."

पंखा फिरत होता. सर खालच्या आवाजात म्हणाले, "गाणं आता फक्त डोक्यात वाजतं. मला पाहिजे तसं वाजतं. तेही माझ्याशी सहमत आहे. निदान तुम्ही तरी होऊ नका."

तेव्हा किशनभाई उठले. म्हणाले की बैठकीत सर ज्या गाण्याची सर्वांत जास्त बाजू घेतात, ते बकवास आहे आणि हे आपण सिद्ध करून दाखवू. सरांचे डोळे चमकले. "आधी गा," ते म्हणाले. किशनभाई सरांच्या समोर खुर्ची ओढून बसले, तोंड त्यांना दिसेल असं, आणि गाऊ लागले. मुखडा नीट झाला. पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांची गाडी भलत्याच गाण्यात शिरली. त्याच चालीच्या, त्याच ठेक्याच्या. मी त्या दशकाविरुद्ध जे आयुष्यभर म्हणत आले, त्याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता. किशनभाईंना चूक मध्येच कळली. त्यांनी सरांच्या हाताकडे पाहिलं.

हात वर झाला नाही. सर त्यांच्या ओठांकडे एकाग्रतेने बघत राहिले. ओठ थांबले तसे ते समाधानाने मागे टेकले. "शाबास. आता बोला."

किशनभाई काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले. सरांनी उत्तर दिलं. बऱ्याच दिवसांनी वाद झाला आणि सर खूश होते. खाली उतरून रिक्षाची वाट बघताना किशनभाई म्हणाले, "मॅडम, माझा बोलायचा हक नव्हता."

सर, तुम्ही हे वाचणार आहात. तुमची नजर चांगली आहे आणि प्रुफातल्या चुकाही तुम्ही काढाल. म्हणून इथे सांगते. किशनभाई दुसरा अंतरा चुकले होते. तुम्हाला ते कळलं नाही आणि आम्ही कोणी बोललो नाही. हे छापू का, असं मी किशनभाईंना विचारलं. ते म्हणाले, "लिहा. सरांपासून छुपाके काय फायदा?" त्या रविवारचा त्यांचा हक्क तुमच्या नियमाने रद्द समजावा. आणि बासरी होती. ती कोणी काढली नव्हती. ज्या संगीतकाराला तुम्ही नावं ठेवलीत, तो निर्दोष आहे.

हे लिहून काही बदलत नाही. बैठकीचा नियम ज्या कानांवर उभा होता ते गेले आहेत. पुढच्या वेळी कोणी चुकलं तर आमच्यातल्या कोणाला तरी हात वर करावा लागेल, आणि तो तुमचा हात नसेल. तुमच्या मागे हा वाद कोण चालवणार, असं मी माझ्या माजी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. ती चांगली मुलं आहेत. वाद कशाला, ज्याला जे आवडतं ते त्याने ऐकावं, असं ती म्हणाली. त्यांच्या म्हणण्यात काही चूक नाही. मी घरी आले.

या ग्रंथात सर्वांनी सरांची स्तुती केली असेल. तिला अट नाही. निंदेला आहे, आणि छापील पानावर गाता येत नाही. म्हणून माझा मुद्दा मी इथे मांडत नाही. तो रविवारी हेंद्रेपाड्याला घेऊन येईन, सरांच्या समोर बसेन आणि आधी गाईन. चुकले तर हात मीच वर करेन.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या माणसाला जे चिंतायचं असतं, ते मी मनापासून चिंतते. सरांचे गुडघे धड राहोत. नजर शाबूत राहो. सुमनताईंची सोबत राहो. कान परत येवोत असं मी लिहिणार नाही. ते येणार नाहीत, आणि तसं लिहिणं म्हणजे पुन्हा मान डोलावणं. त्यांना पुष्कळ रविवार मिळोत, आणि शेवटच्या रविवारपर्यंत त्या खोलीत त्यांना नाही म्हणणारं एक तरी माणूस असो.

त्या दशकाबद्दल मी आजही सरांशी सहमत नाही.