आबांचा करदोटा

दर सोमवारी पुण्याहून बंगळुरू, दर शुक्रवारी परत. माझं ऑफिस हिंजवडीत, पण काम सगळं तिकडच्या गिऱ्हाइकाचं. एवढ्या फेऱ्या झाल्यावर तपासणीच्या रांगेत मी जवळजवळ सोलूनच शिरते. बांगड्या नाहीत, पट्टा नाही, बूटसुद्धा बिननाडीचे. तरी कुठे काही घडलं आणि बंदोबस्त वाढला की आम्हा नेहमीच्यांनाही चोरासारखं उभं करतात. बॅग उपसतात, विमानाच्या दाराशी पुन्हा चाचपतात. ते जवान आपल्याच जिवासाठी उभे असतात हे मला कळतं. पण राग येतो, फार येतो, आणि तो काढायला कुणी सापडत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी, मुठ्याला, आबांच्या छातीत कळ आली. आई गेल्यापासून माझे वडील तिथे एकटेच, आणि मी एकुलती एक. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूत होते. धावतपळत विमानतळ गाठला, पण नेमकी त्या दिवशी कडक तपासणी. रांग हलेना. माझं विमान मला न घेताच गेलं. दुसऱ्या दिवशी पौडच्या दवाखान्यात पोचले, तर आबा उठून चहा पीत होते. तरी आता यांना सोबत बंगळुरूलाच न्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

उन्हाळ्यात ते एकदाचे तयार झाले. निघताना मी चांगली शिकवणी घेतली होती. कोयता घरी, अडकित्ता घरी. पुण्याच्या विमानतळावर माझी तपासणी उरकून मी पलीकडे थांबले, आबा दारातून आले आणि यंत्र कोकललं. जवानाने सदरा वर करायला लावला. करदोट्याला काटे काढायचा लोखंडी चिमटा आणि घराची किल्ली, दोन्ही गाठीत आवळलेली. आमच्याकडे रानात राबणारे असंच बांधतात. खिसा फाटतो, कमरेचा दोरा फाटत नाही. मी कपाळावर हात मारला. जन्मभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला आठवलीच नव्हती.

"निकाल के ट्रे में रखिये, बाबा," जवान म्हणाला.

घामाने गाठीचा दगड झाला होता. ती सुटेना. जवानाने जप्त केलेल्या सामानातून एक कात्री काढली, तसे आबा मागे सरले.

"न्हाई. आदी नवा बांदायचा, मग जुना तोडायचा. जित्त्या मानसाची कंबर मोकळी ऱ्हात न्हाई. ती सरणावर मोकळी करत्यात."

मागे कुरकुर सुरू झाली. "चला ना आजोबा," कुणीतरी ओरडलं. मी जवानाला हिंदीत समजावू लागले.

"मी जातो माघारी," आबा म्हणाले. "तू जा, तुजं काम हाय." आणि ते खरंच वळले.

आता दोरा आणायचा कुठून? माझ्या ट्रेमध्ये ऑफिसचं ओळखपत्र पडलं होतं. मी त्याची निळी नाडी ओरबाडून काढली, हूक फेकून दिला आणि कंपनीचं नाव छापलेली ती नाडी भर रांगेत आबांच्या कमरेला बांधली. हे काम आईचं होतं. गाठ नीट बसेना. जवान कात्री धरून थांबला. मग त्याने जुना करदोटा कापला, चिमटा आणि किल्ली ट्रेमधून पुढे गेली, आणि आबा न वाजता आत आले.

आम्ही खुर्च्यांवर बसलो. आबांनी कापलेला दोरा खिशात घातला.

"भातलावणीला मी माघारी येनार," ते म्हणाले.

"बरं, बघू."

"बघू न्हाई. मराण आलं तर तितंच येऊ दे." त्यांनी कमरेची नाडी चाचपली. "आता ह्यो तू बांदलास. तोडायलाबी तुलाच यावं लागंल."

"असं काय बोलता, आबा?"

"इचारतुया. त्या दिशी तुला तिकडं आसंच आडवून धरलं, तर लोकं मला किती येळ ठिवत्याल?"