चार महिने दहा दिवस

इराण-इराक लढाईच्या काळात मी दिल्लीत एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होतो. आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत. दर आठवड्याला अशी एखादी बातमी टेलिप्रिंटरवर यायची. जहाज कुठल्या देशाचं, हल्ला कुठे झाला, मेले किती, बेपत्ता किती, एवढं ठेवून बाकीचं मी कापत असे.

अशाच एका बातमीत तीन बेपत्ता होते. त्यांतला एक आमच्या शेजाऱ्याचा मेहुणा, बहिणीचा नवरा, निघाला. हे मला बातमी सोडल्यानंतर सहा दिवसांनी कळलं.

आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. क्वार्टर माझ्या बायकोच्या नोकरीचं होतं. वरच्या मजल्यावरचा शेजारी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, एका मंत्रालयात कारकून. मी साधा उपसंपादक, पण तो मला 'संपादक' म्हणायचा. "काय संपादक, आज जगात किती मारले?" हा त्याचा रोजचा प्रश्न. त्या दिवसानंतर त्याने तो कधी विचारला नाही.

मेहुणा जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेलवाला होता, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा. क्षेपणास्त्र मागच्या बाजूला, नेमकं तिथेच लागलं. खलाशी दोन होड्यांतून उतरले. इंजिनरूममधले तिघे कुठल्याच होडीत नव्हते. जहाज पुढे बुडालं. कंपनीने घरी तार केली, ती 'बेपत्ता' अशी. नंतरच्या प्रत्येक पत्रात तोच शब्द होता.

दीड वर्षाने शेजाऱ्याची बहीण गावाहून दिल्लीला आली. तिशीची असेल. सगळी पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तिला घेऊन आमच्याकडे आला.

"भाऊ, दिल्लीत म्हणे सगळेच सरकार असतात," ती मला म्हणाली. "आमचा हा वीस वर्षं सरकार आहे. याच्याने एक कागद निघत नाही."

"अगं बाय, माझं खातं वेगळं," शेजारी म्हणाला.

"तुझं खातं नेहमीच वेगळं असतं."

तिला काय हवं होतं ते तिने सरळ सांगितलं. नवरा गेला की बाईने इद्दत पाळायची. चार महिने दहा दिवस घरात बसायचं, नटायचं नाही, गरजेशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. पण नवरा बेपत्ता असेल तर बसणार कधी? गावचे काझी म्हणाले होते, गेल्याचा सरकारी कागद आण, मग बघू.

"सासू म्हणते बांगड्या उतरव. नणंद म्हणते, भाई येणार आहे, भर. मी उतरवते आणि भरते. दीड वर्ष हेच चाललंय. मला एकदा बसू द्या. बसले की माझं मलाच कळेल, तो गेला म्हणून."

कंपनीचं कळवणं संबंधित मंत्रालयात येऊन पडलेलं होतं. तिथला एक अधिकारी माझ्या ओळखीचा होता. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन गेलो. बायांना आत बसायला जागा नव्हती, म्हणून ती बाहेर बाकावर थांबली. अधिकाऱ्याने फाइल मागवली, चहा सांगितला. कंपनीने आता तिघांना मृत मानलं होतं. पत्र निघायला फक्त एक रकाना भरायचा राहिला होता.

"तारीख कौन सी डालें?" त्याने विचारलं. "हमले की, या आज की? कंपनी को दोनों मंज़ूर हैं."

"हमले की," मी म्हणालो. "घटना तो उसी दिन की है."

उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही. बातमीत तारीख घटनेची असते, ती कळल्याची नसते. हे मी नव्या मुलांना शिकवत असे. ज्या बाईसाठी पत्र निघत होतं ती दारापलीकडे दहा पावलांवर बसली होती. तिला विचारावं, असं माझ्या मनात आलं नाही.

पत्र टाइप झालं, सही झाली. ऑटोत तिने ते दोन वेळा उघडून पाहिलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. "यात तो गेलाय ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने गावी ट्रंककॉल लावला आणि काझींना तारीख वाचून दाखवली. परत आला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसलो होतो. ती जमिनीवर मेथी निवडत होती. बांगड्या तिने सकाळीच उतरवल्या होत्या.

"इद्दत झाली," तो म्हणाला.

"झाली म्हणजे? कुणाची?"

"तुझी. ती माणूस गेला त्या दिवसापासून मोजतात. आपल्याला कळो न कळो. चार महिने दहा दिवस मागेच भरले. आता बसायचं नाही."

ती काही वेळ निवडत राहिली.

"त्या महिन्यांत नणंदेचं लग्न होतं," ती म्हणाली. "मी हिरवा चुडा भरून मिरवले. ती माझी इद्दत होती?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"आणि कागदावर कालची तारीख असती तर?"

"मग कालपासून," भाऊ म्हणाला. "बेपत्ता माणसाचं ज्या दिवशी ठरतं, त्या दिवसापासून. काझीच म्हणाले."

मी त्याच दुपारी अधिकाऱ्याकडे गेलो. पत्राच्या प्रती कंपनीला आणि जिल्ह्याला रवाना झाल्या होत्या. तो म्हणाला, दुरुस्तीसाठी नवी टिपणी लिहावी लागेल, आणि टिपणीत कारण काय देऊ? तारीख चुकीची आहे का? मी म्हणालो, नाही, तारीख बरोबर आहे. त्याने फाइल मिटली.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं, तारीख मी निवडली तेही. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," ती म्हणाली. मग भावाला विचारलं, "काहीच बसता येत नाही?"

"तीन दिवस," तो म्हणाला. "तेवढे कोणासाठीही असतात. मामा, चुलता, कोणीही."

"कोणीही," ती म्हणाली.

परतीचं तिकीट पाच दिवसांनंतरचं होतं. त्यातले तीन दिवस ती वरच्या क्वार्टरच्या आतल्या खोलीत बसली. माझी बायको जेवण घेऊन जायची. चौथ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली, अंघोळ केली आणि भावजयीबरोबर भाजी आणायला बाजारात गेली.