न धुतलेला तुकडा

शालनबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि सुरू व्हायचा तो अपमानानेच. चिंचवडच्या त्या घरात काडेपेटी फक्त देवापुढच्या दिव्यासाठी असे. चूल पेटायची ती रात्री राखेत पुरून ठेवलेल्या निखाऱ्यावर, आणि तो निखारा थोरली जाऊ छबूबाई हिच्या चुलीत असे. शेणीचा तुकडा हातात धरून शालनबाई तिच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहत.

"मागं हो," छबूबाई म्हणे. "बड्याचं मटण हाताळतीस. तुझ्या शेणीला माझा इस्तू न्हाई."

"म्या खात न्हाई, अक्का. बंगल्यावर नुसती भांडी घासती."

"हात त्योच हाय की!"

मग शालनबाई तीन घरं पालथी घालून विस्तव आणत. कधी मिळे, कधी तशाच उपाशी निघत. रेल्वेच्या रुळाकडेने पिंपरीपर्यंत पाऊण तासाची चाल. पावसाळ्यात तास.

हे सगळं १९५६ सालचं. नवरा गेल्यावर वाटणीत त्यांना पडवी मिळाली होती. तिला भिंती तीनच. चौथ्या बाजूला गोणपाट टांगलेलं; वाऱ्याने तिथल्या चुलीत निखारा रात्रभर टिकत नसे. छबूबाई मनात येईल तेव्हा गोणपाट सारून आत येई, तव्यावर काय आहे ते बघे, चार शिव्या देई आणि जाई. एकदा तर तिने लाथ मारून चूल मोडली. शालनबाईंना चौथी भिंत हवी होती, त्या भिंतीला दार हवं होतं आणि दाराला आतून कडी. भांडी घासण्याच्या पगारात पोट भरत होतं, दार होत नव्हतं.

बंगला एका परदेशी इंजिनियरचा होता. नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला तो आला होता. स्वयंपाकाला मालोजी नावाचा खानसामा होता. खडकीच्या लष्करी मेसमध्ये त्याची अर्धी हयात गेली होती. रविवारी तो सुट्टी घेई आणि नेमका रविवारीच साहेबाला तव्यावर परतलेला बड्याच्या, म्हणजे गाईबैलाच्या मटणाचा जाड तुकडा लागे. मडमने ठरवलं की हे काम शालनबाईंनी शिकावं. जमलं तर स्वयंपाकाचा पगार.

मालोजीला हे झोंबलं. पहिल्या रविवारी तो मुद्दाम थांबला. खडकीच्या बाजारातून दोन बोटं जाड तुकडा आला होता. मडम तुकड्याकडे बोट दाखवत, टॉवेलवर थापट्या मारत इंग्रजीत बराच वेळ बोलली.

"काय म्हनली?" शालनबाईंनी विचारलं.

"चांगलं भाज म्हणते," मालोजी म्हणाला आणि पाटावर बसून विडी ओढू लागला.

शालनबाईंनी बोकडाचं मटण करताना करत तेच केलं. तुकडा तीन पाण्यांनी धुतला. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतला. मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवला. तव्यावर टाकला तर त्याला पाणी सुटलं. तुकडा त्या पिवळ्या पाण्यात रटरटत राहिला. आत कच्चा राहील म्हणून त्यांनी वर झाकण ठेवलं. दिसायला तो हळद लावलेल्या चपलेच्या तळासारखा झाला.

ताट परत आलं. तुकड्यावर सुरीची एकच खूण होती. मडम दारात आली. या वेळी ती हिंदीत बोलली, म्हणजे खानसाम्याची गरज पडू नये.

"अगला इतवार. फिर ऐसा, तो काम खतम."

ती गेल्यावर शालनबाई मालोजीकडे वळल्या. "दादा, मडम येवढं बोलली आन् तुमी दोन शब्द सांगितलं?"

"तुला दोनच पचले असते."

"म्या तीन पाण्यानं धूत हुते तवा बघत हुता की न्हाई?"

"बघत होतो. मजा येत होती." त्याने विडी विझवली. "माझ्या मेव्हण्याची बायको पुढच्या महिन्यात खडकीला येतेय. तुझ्यापेक्षा तरणी आहे. ताटं बरी उचलेल."

शालनबाई रडल्या नाहीत. परत आलेला तुकडा त्यांनी हातात धरून दाबून पाहिला. मडम टॉवेलवर थापट्या का मारत होती, यावर त्या चालताना, घासताना, झाडताना विचार करत राहिल्या. बुधवारी त्यांनी घरी वांग्याचे दोन काप केले. एक धुऊन मीठ लावून ठेवला. दुसरा फडक्याने कोरडा पुसला. तवा कडक तापवून दोन्ही टाकले. पहिला पाणी सोडून उकडला. दुसरा खरपूस झाला.

गोणपाट सरकलं. "वांगी बी साहेबावानी भाजतीस व्हय गं?" छबूबाई म्हणाली. "उद्या शेपूट फुटंल."

शालनबाईंनी खरपूस काप भाकरीवर घेतला. त्यांना पाहिजे ते कळलं होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळीच, घासायला येणाऱ्या ताटांत उरलेलं दिसायचं तसं करायला, त्यांनी लोणी थंड पाण्यात मळून त्यातलं ताक पिळून काढलं. त्यात वाटलेली लसूण, मीठ, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि मडमच्या कुंडीतली ओव्याच्या वासाची चार पानं घातली. वळकटी करून बर्फाच्या पेटीत ठेवली. मग तुकडा घेतला.

न धुतलेलं मटण तव्यावर टाकायचं, हे त्यांच्या हातून होईना. हात सवयीने दोनदा घागरीकडे गेला. पण त्यांनी तुकडा फडक्याने टिपला. फडकं बदललं, पुन्हा टिपला. चौथं फडकं कोरडं निघालं तेव्हा मीठ लावलं. हळद नाही.

शेगडी वारा घालून लाल केली. लोखंडी तव्यावर पाण्याचा थेंब नाचला, तेव्हा चमचाभर तेल आणि त्यावर तुकडा. आवाज असा झाला की मालोजी पाटावरून उठला. आजही तो थांबला होता, तमाशा बघायला.

"हलव की! जळतंय."

शालनबाईंनी हात पाठीमागे बांधले. कडा तपकिरी झाल्यावर तुकडा एकदाच उलटला. दुसरी बाजू झाली तशी अंगठ्याने दाबून पाहिलं. मागच्या वेळी दगड लागला होता. आज बोट थोडं आत गेलं आणि परत वर आलं. त्यांनी तुकडा ताटात काढला, त्यावर लोण्याची चकती ठेवली आणि ताट बाजूला सारलं.

आतून घंटा वाजली.

"ने की आत!" मालोजी ओरडला.

"मुरू दे."

"भात आहे का मुरायला?"

"भातच समजा."

घंटा पुन्हा वाजली. लोणी वितळून कडेला ओघळलं, तेव्हाच त्यांनी ताट उचललं.

ताट परत आलं ते रिकामं. लोणीसुद्धा पावाने पुसून घेतलेलं. मडम दारात आली, म्हणाली, "अगला इतवार भी," आणि गेली. कौतुक नाही.

"कोणी शिकवलं तुला?" मालोजीने दात आवळून विचारलं.

"वांग्यानं."

त्याच्या मेव्हण्याची बायको बंगल्यावर कधी आली नाही. तो शालनबाईंशी पुढे बोलला नाही आणि त्यांचंही काही अडलं नाही.

दोन वर्षं त्यांनी तो तुकडा केला. जिभेला कधी लावला नाही. त्या पगारातून आधी विटा आल्या, मग चौकट. दार भवानी पेठेतल्या जुन्या लाकडाच्या वखारीतून बैलगाडीने आलं. सागाचं होतं, जड. गवंड्याला त्यांनी ते तीनदा काढून बसवायला लावलं, कारण खाली बोटभर फट राहत होती.

दार बसल्यानंतर आठवडाभराने, पहाटे चारला, कोणीतरी त्यावर थाप मारली.

"कोन?"

"आगं, म्या. इझली माझी चूल. इस्तू दे जरा."

शालनबाईंनी दार वीतभर उघडलं. छबूबाई उंबऱ्याबाहेर शेणीचा तुकडा घेऊन उभी होती. आत चूल लाल होती.

"बड्याचं मटण हाताळती म्या, अक्का," शालनबाई म्हणाल्या. "हात त्योच हाय की."

त्यांनी दार लावून घेतलं. कडी लोखंडी होती, वीतभर लांब. ती गेल्या महिन्याच्या पगारातून आणलेली.