मोहाखालची साफसफाई

यंदाच्या मार्चमध्ये मोखाड्याहून जव्हारला येणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी जो कोणी बसला, त्याला मी सांगून टाकलं, की आमच्या साखरशेतचा मोह आता समुद्रापार चाललाय. कचेरीच्या कामासाठी माझ्या मोखाड्याला खेपा असतात, त्यामुळे बातमी दोन्ही तालुक्यांत पोचली.

"तिकडं दारू कमी पडली काय ओ?" ड्रायव्हरने विचारलं.

"दारू नाही! फुलं खातात ते. वाळवलेली. चॉकलेटात घालून."

"मग आपण लहानपणापासून परदेशीच खातोय की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि जीपभर हसू पसरलं. मीही हसलो. मला तेव्हा कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

खरं श्रेय थोरल्या वहिनीचं. गावातल्या सात-आठ बायका मिळून फुलं वेचतात, त्यांची ती म्होरकी. आदल्या वर्षी नाशिकच्या एका व्यापाऱ्याने त्यांचा नमुना परदेशी पाठवला आणि तो नापास झाला, कारण फुलांत राख सापडली. सापडणारच. आमच्याकडे मोह गळायला लागण्याआधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी होते, तिच्यावर पिवळी फुलं उठून दिसतात आणि वेचायचं काम झटपट होतं. रस्त्याकडेला 'आग लावू नका' अशा पाट्या आहेत. त्या पाट्यांच्या सावलीत बसूनही आम्ही पाला पेटवलेला आहे. पण परदेशातल्या कुठल्याशा कायद्याने राख चालणार नाही म्हटलं, आणि वहिनीने कंबर कसली. आग बंद. झाडाखाली हिरवी जाळी बांधायची, फूल जमिनीला लागू द्यायचं नाही आणि वाळवायचं ते अंगणात नाही, तर उंचावर बांबूच्या ताट्यांवर.

बायका तयार झाल्या, पण कुरकुरत. शेजारची काकू सगळ्यांत पुढे. "एवढी पोरासारखी जाळी सांभाळायची आणि त्यांनी घेतलंच नाही तर? मग पुढच्या साली मी पहिली काडी लावणार, आधीच सांगते."

"लाव," वहिनी म्हणाली. "पण या साली नाही."

एवढ्यावर सगळं अडलं होतं. माल घेणारी परदेशी बाई स्वतः झाडं बघायला येणार होती. तिने हो म्हटलं तर आग बंद, नाही म्हटलं तर पुन्हा काळी जमीन. वहिनीने आपला शब्द पणाला लावला होता. दुभाष्या म्हणून मला बोलावलं होतं, कारण घरात इंग्रजी येतं असा माझ्याबद्दल समज आहे. तो मीच पसरवलेला.

मी आदल्या संध्याकाळीच पोचलो. सकाळी उठून परसात गेलो, तर आमच्या मोठ्या मोहाखाली जाळी फुलांनी वाकलेली, आणि तो वास! नुसतं उभं राहिलं तरी तोंड गोड व्हावं. बाबा मात्र कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत होते.

"पाहुण्यांना हा कचरा दाखवणार?"

खरंच, महिनाभराचा पाला पडला होता. लग्नाआधी अंगण न सारवल्यासारखं दिसत होतं. बाबांनी दाताळं घेतलं, जाळीपासून बराच लांब ढीग ओढला. त्यांच्या मते बराच लांब. मग खिशातून काडेपेटी काढली. इथे मी, ज्याने महिनाभर जीपमध्ये राखेवर व्याख्यानं दिली, तो मी काय करत होतो? शेजारी उभा राहून म्हणत होतो, "वा! आता कसं लख्ख दिसतंय."

वारा फिरला. ढिगातून आगीची एक जीभ निघाली, न ओढलेल्या पाल्यावरून सरसरत झाडाकडे गेली आणि जाळीला लागली. जाळी आकसली, वितळून फुलांवर टपटपायला लागली. बाबा हिरवी फांदी घेऊन झोडपताहेत, काकू कुंपण ओलांडून घागर घेऊन धावतेय, आणि मी हाताला लागलं ते उचललं नि ओतलं. ती पाहुण्यांच्या चहाची किटली होती. आग विझली, पण धुराचा लोट सरळ आमच्या ताट्यांवरून गेला.

वहिनी धावत आली नि ताट्यांवरची फुलं हुंगायला लागली. तेवढ्यात वाटेवर गाडीचा हॉर्न वाजला. नाशिकचा व्यापारी बाईला घेऊन आला होता.

"हे झाड दाखवूच नका," काकू घाईघाईने कुजबुजली. "ओढ्याकडून न्या त्यांना. तिथली आमची झाडं बघून खूश होतील."

"मी सांगतो, वणवा पलीकडून आला," मी म्हणालो.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही फक्त मी बोलेन तेवढंच सांगा."

आणि ती बाईला सगळ्यांत आधी जळक्या झाडापाशीच घेऊन गेली. "हे आमच्या घरचं. आज सकाळी सासऱ्यांनी साफ करायला पेटवलं. या झाडाचं फूल तुमच्या मालात नाही. धूर ताट्यांवरून गेला, तर त्या ताट्यांवरचंही नाही. बाकीच्यांचं ओढ्याकडे वाळतंय, ते बघा."

मी तोंड उघडलं. निघालं ते एवढंच: "फादर. फायर. व्हेरी क्लीन."

बाईने धुराने काळ्या झालेल्या माझ्या शर्टाकडे पाहिलं, बाबांच्या हातातल्या फांदीकडे पाहिलं. मग ताटीवरचं एक फूल उचलून हुंगलं आणि नकाराची मान हलवली. धूर लागलेलाच होता. आमच्या घरचा हंगाम तिथेच संपला. पण ओढ्याकडच्या ताट्यांपाशी ती बराच वेळ रेंगाळली. फूल मोडून बघितलं, चाखलं, झाडाखालचा पाला पायाने बाजूला केला. तिथे बोटभर उंचीचं मोहाचं रोप होतं. बाबा गुडघ्यावरच बसले.

"आजोबांच्या वेळची झाडं आहेत ही सगळी," ते म्हणाले. "त्यानंतरचं एक नाही. मला वाटायचं, मोह आता उगवतच नाही."

उगवत होता की! दरवर्षी आम्हीच भाजत होतो. हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. सगळंच कशाला सांगायचं?

बाईने नाशिकच्या व्यापाऱ्याकडे बघून हो म्हटलं. ओढ्याकडचं सगळं घेणार, पुढच्या वर्षीही घेणार. बायकांनी असा गलका केला की झाडावरचे पक्षी उडाले. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि धुरामुळे म्हणून सांगितलं. मला मधूनच वाटून गेलं, उद्या त्या लोकांची आवड बदलली तर? पण त्या गलक्यात ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात हजर.

"माझ्या वरच्या शेतातल्या मोहालाही जाळी दे."

ते झाड तिने मुद्दाम आगीसाठी राखून ठेवलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"जाळी कुठली? होती ती मामंजींनी वितळवली," वहिनी हसली. "जुनी साडी बांध. भाऊजी, विचारा हो त्यांना, साडी चालेल का."

मी फोन लावला. व्यापाऱ्याने परदेशी विचारून उलट फोन केला: चालेल, सुती हवी, धुतलेली हवी, आणि तिचा रंग फुलाला लागता कामा नये.

"रंग?" काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या लग्नातलं सुती लुगडं आहे. तीस पावसाळे झाले. सांग त्या बाईला, नवऱ्याचा रंग उडाला, पण लुगड्याचा नाही!"