व्याह्यांकडून हरण्याचा प्रयत्न

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरण्यात एकच अडचण होती, आणि त्या अडचणीचा जळगावात स्वतःचा दातांचा दवाखाना आहे.

म्हणजे मी. पप्पा गेल्यापासून आई आणि तेजू माझ्याच घरी राहतात, त्यामुळे पाहुण्यांशी बोलणी करायला घरातलं मोठं माणूस म्हणूनही मीच. (नवरा आहे. पण बोलणी सुरू झाली की तो पाणी आणायला जातो आणि बोलणी संपली की पाणी घेऊन येतो.) तेजूने आजवर पुष्कळ स्थळांना नकार दिला होता आणि प्रत्येक नकार मला पटला होता. धुळ्याचा मयूर मात्र तिला मनापासून आवडला. दोघं फोनवर बोलत होते, आणि एरवी ताटाकडे बघून जेवणारी आमची तेजू हल्ली वरणभात खाताना मधेच हसायची. आता फक्त त्याचे आईवडील रीतसर येऊन बघून जायचे बाकी होते. तेजू मला एवढंच म्हणाली, "ताई, या वेळी काही घोळ घालू नकोस." मला वाईट वाटलं. मी काय लहान आहे?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आईने मला एक साधं काम दिलं. हॉलमधला पसारा माळ्यावर टाकायचा. मी पसारा घेऊन वर गेले आणि डबा घेऊन खाली आले.

आता डब्याबद्दल सांगणं भाग आहे. मी पाचवीत असताना बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने परदेशातून तो आणला होता. आत प्लॅस्टिकचे बोटाएवढे सैनिक, एक लाल फौज, एक निळी फौज, दोन्हीकडे एकेक तोफ, एकेक घोड्यावरचा सेनापती, अंतर मोजायला पुठ्ठ्याची पट्टी आणि एक फासा. झाकणावर ठळक अक्षरांत, वय वर्षं आठ ते बारा. नियम चार पानांत संपायचे, त्यातही अर्ध्याहून जास्त चित्रं. पट्टीभर चाला, फासा टाका, आकडा मोठा आला की समोरचा मेला. सेनापती पडला की युद्ध खलास. रसद नाही, हवामान नाही, तह नाही. असं स्वच्छ युद्ध माणसाने पुन्हा केलं नाही! मे महिन्यात जळगावची फरशी तेवढी गार असायची, तिच्यावर पालथं पडून आम्ही भावंडं लढायचो आणि मी सगळ्यांना हरवायचे. तेव्हापासून माझी अशी ठाम समजूत होती की मी चुकून दातांकडे वळले, नाहीतर देशाला एक सेनानी मिळाला असता.

मध्यंतरी आठवणींचा उमाळा येऊन मी हाच छंद असलेल्या मोठ्या माणसांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले होते. ती फार विद्वान माणसं निघाली. त्यांचं नियमांचं पुस्तक उचलायला दोन हात लागतात. तोफ डागण्याआधी ते वाऱ्याची दिशा पाहतात, सैनिकांच्या मनोधैर्याचा हिशेब काढतात, कोन मोजतात, आणि मग तोफ न डागता नियमाच्या अर्थावरून भांडत बसतात. मी माझ्या डब्याचा फोटो टाकला तेव्हा एका दाढीवाल्या गृहस्थांनी मला समजावलं की हा खरा खेळ नव्हे, मुलांना सवय लागावी म्हणून केलेली सोपी आवृत्ती आहे. मी त्यांचे आभार मानले आणि ग्रुप सोडला. घरी मुलाला डबा दाखवला, तर त्याने उलटापालटा करून विचारलं, "याचं चार्जिंग कुठे करायचं?" त्यानंतरच डबा माळ्यावर गेला होता.

तर त्या दिवशी डबा खाली आला. काही सैनिकांच्या बंदुका मोडल्या होत्या. त्या मी दवाखान्यात नेऊन दात भरायच्या मसाल्याने जोडल्या आणि निळ्या दिव्याखाली कडक केल्या. (बाहेर एक काका गाल धरून बसले होते. त्यांना मी सांगितलं, आत इमर्जन्सी आहे.) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे अकराला येणार असताना, मी जेवणाच्या टेबलावर पालथ्या वाट्यांवर हिरवा ब्लाउजपीस पसरून टेकड्या केल्या आणि फौजा मांडल्या. फक्त एक डाव, स्वतःशीच, मग आवरून टाकायचं.

पाहुणे साडेनऊला आले. मयूरचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. वेळेआधी पोचलं तरच त्यांना वेळेवर पोचल्यासारखं वाटतं. पारोळ्याला चहालासुद्धा थांबले नाहीत म्हणे. दार उघडलं तेव्हा मुलीची मोठी बहीण, शहरातली नामांकित डॉक्टर, गाऊनवर, केसांना तेल चोपडून, एक डोळा मिटून टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तोफेचा नेम धरत होती.

आईने कपाळाला हात लावला. मी गाऊनवर ओढणी घेतली, जणू त्याने काही फरक पडणार होता. नाना मात्र सरळ टेबलापाशी आले. ते एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण मनातलं काही आलं की अहिराणीत येतं.

"हाई काय शे, ताई?"

आई म्हणाली, काही नाही, पोराचा खेळ, आत्ता उचलते. मी म्हणाले, माझा आहे. नानांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला, चारही पानं चित्रांसकट वाचली आणि निळ्या फौजेच्या बाजूला बसले.

पहिला डाव मी सवयीने जिंकले. त्यात माझा इलाज नव्हता. पण जिंकल्यावर टाळी वाजवून "मेला!" म्हणायची लहानपणची सवय आहे, तिचा इलाज करता आला असता. नानांचा सेनापती आडवा पडला, मी टाळी वाजवली, आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली की काकूंच्या, म्हणजे मयूरच्या आईच्या, हातातल्या बशीतले पोहे निवताना ऐकू आले असते. नाना म्हणाले, परत मांडा.

मला स्वयंपाकघरात बोलावणं आलं. तिथे आई एका बाजूला वांगी भाजत होती (भरीत-पुरीचा बेत, वांगी खास असोद्याहून आणलेली) आणि दुसऱ्या बाजूला मला. ते मुलाकडचे आहेत, तुला काही मानपान कळतो की नाही, असं तिचं म्हणणं. मी बाणेदारपणे सुनावलं की हा काळ कुठला, मुलीकडच्यांनीच का म्हणून नमायचं, मी महिला दिनाला भाषणं देते. तेवढ्यात नवी साडी नेसलेली तेजू दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"ताई, मला तो मुलगा हवाय. तू हर."

माझं भाषण तिथेच संपलं. तेजूने माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. मी मनाशी ठरवलं, हरायचं. एवढा सोपा खेळ, हरायला असं काय लागतं?

तिथे मला सोप्या खेळाची खरी ओळख झाली. मोठ्यांच्या त्या जाड पुस्तकातल्या खेळात हरायला शंभर वाटा असतील. रसद विसरा, चुकीच्या दिशेला तोंड करा, मनोधैर्य घालवा. पण आठ वर्षांच्या पोरालाही जिंकता यावं म्हणून ज्यांनी हा खेळ सोपा केला, त्यांनी त्यात डोकं लागेल अशी एकही जागा ठेवली नव्हती. आणि डोकंच नाही, तर ते मुद्दाम चालवायचं कसं आणि बंद ठेवायचं कसं?

मी माझा सेनापती एकटाच मैदानाच्या मधोमध नेऊन नानांच्या तोफेसमोर उभा केला. जवळून तोफेला फक्त दोन किंवा जास्त लागत होते. नानांनी फासा टाकला. एक. पुढच्या पाळीला मी सेनापतीला आणखी जवळ नेलं, अगदी तोफेच्या तोंडाशी. पुन्हा एक. मग मी ठरवलं, आपण मारायचंच नाही. पण पोरांची भांडणं नकोत म्हणून नियम असा की शत्रू टप्प्यात असला की फासा टाकायलाच हवा. लांबून मारायला सहाच लागत होते. मी तो अलगद सोडला, सहा. टेबलाखाली पाडला, तर नाना म्हणाले की पडलेला धरत नाहीत, पान दोन. परत टाकला, सहा. मी घाईघाईने "पाच" म्हणून उचलायला गेले, तर नानांनी माझा हात धरला.

"ताई, सहा शेत. सहा म्हणा."

पाटबंधारे खात्यातला एवढा सचोटीचा माणूस नेमका आमच्याच वाट्याला यावा! नवरा पाणी ठेवायच्या निमित्ताने येऊन टेबलाखालून माझ्या पायावर पाय देऊन गेला. त्याला वाटत होतं मी जिद्दीने खेळतेय. दुसरा डाव मी जिंकले. तिसरा तर माझा सेनापती एकदाही न हलता जिंकला, कारण हलवलं तर जिंकेन या भीतीने मी त्याला हात लावला नव्हता. नाना समोर पडलेल्या निळ्या फौजेकडे बघत म्हणाले, "बठ्ठा मरी गयात." सगळे मेले, एवढंच. आणि मला त्या क्षणी दुसरंच दुःख होत होतं. मी मुद्दाम गाढवपणा करूनही जिंकत होते, तर मग लहानपणी मी जे जे जिंकले त्यात माझं काय होतं? तीस वर्षं जपलेला सेनानी त्या ब्लाउजपीसवर धारातीर्थी पडला.

या सगळ्यात मुलगी बघायची राहूनच गेली. तेजू पोहे देऊन गेली तेव्हा नानांनी बशी घेतली आणि मान वर न करता तिला विचारलं, तोफ तिरकी चालते का. भरीत झक्कास झालं होतं, पण ते जेवले निमूटपणे. जाताना त्यांनी नियमांच्या चारही पानांचे मोबाइलवर फोटो काढले, "कळवतो" म्हणाले आणि गाडीत बसले.

"कळवतो" म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली. तेजू तेवढंही नाही. मयूरचे फोन यायचे, पण वडील काहीच बोलत नाहीत, नुसते एका जागी बसून असतात, असं तो सांगायचा. रात्री तेजूच्या खोलीत दिवा जळताना दिसायचा आणि मला आत जायची हिंमत व्हायची नाही. बहिणीचं चांगलं होणारं लग्न मी प्लॅस्टिकच्या तोफेने उडवलं होतं. मला रडू यायचं, आणि रडण्याचं कारण कोणाला सांगायची सोय नव्हती.

मग एके दुपारी नानांचा फोन आला, तोही थेट मला. खुर्चीत एक बाई आ वासून बसल्या होत्या. त्यांना तसंच ठेवून मी बाहेर आले. नकारच ऐकायचा होता, तर उभं राहून ऐकावा म्हटलं.

नाना म्हणाले, "ताई, निवृत्त झालो तेव्हापासून घरात सगळे मला जिंकू देतात. पत्ते असोत, कॅरम असो. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. मला काय कळत नाही? तुम्ही तेवढ्या एकट्या निघाल्या ज्यांनी माझा मुलाहिजा ठेवला नाही. अशा खऱ्या माणसांच्या घरची मुलगी मला पाहिजे. साखरपुडा आम्ही धुळ्याला करू. मानपान काही नको, फक्त तो डबा आणा."

मी त्यांना काय सांगणार होते? की नाना, मी त्या दिवशी जेवढा खोटेपणा केला तेवढा दहा वर्षांत केला नाही? मी गंभीर आवाजात म्हणाले, "खेळ म्हणजे खेळ, नाना." आत बाई अजून आ करूनच होत्या. मी त्यांच्या कवळीची मापं घेतली आणि मधेच त्यांना मिठी मारली.

साखरपुडा धुळ्यात थाटात झाला. अंगठ्या झाल्या, तेजूने सगळ्यांसमोर मला मिठी मारली, आई तर माझ्याशी चक्क पूर्ण वाक्यात बोलली. जेवणं उरकल्यावर नानांनी दोन टेबलं जोडली. सगळं वऱ्हाड भोवती जमलं. आईने माझा दंड दाबून कानात सांगितलं की आता तरी शहाण्यासारखी वाग. पण मी ठरवून आले होते. या माणसाने मला खरी समजून पदरात घेतलंय, तर आता खरंखुरंच लढायचं. आठवडाभर मी रोज एकटी सराव करत होते. मोक्याच्या टेकड्या धरल्या, तोफ आडोशाला ठेवली, सेनापतीभोवती शिपायांचं कडं केलं. एवढं डोकं मी माझ्या शेवटच्या परीक्षेलाही लावलं नव्हतं.

पहिला डाव हरले. दुसरा हरले. तिसऱ्यात माझी अख्खी लाल फौज टेकडीवरून खाली येता येता संपली आणि नानांचा एकही शिपाई जागचा हलला नाही. फाशाला एकाखेरीज दुसरा आकडा असतो हेच मी विसरले.

भोवती टाळ्या पडल्या. आईने डोळे पुसले. नवरा म्हणाला, काय सफाईने हरलीस, कुणाला संशय पण आला नाही. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवून "फार समजूतदार आहात" म्हटलं. फक्त नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, माझ्या पडलेल्या सेनापतीला हळूच उभं केलं आणि खाली बघत म्हणाले, "तुम्ही बी, ताई? झाल्या ना बाकीच्यांसारख्या."

मी तोंड उघडलं. सांगणार होते, की नाना, देवाशप्पथ, मी जीव तोडून खेळले, मला याहून बरं येतच नाही. भोवती सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. मी पदर सावरला, मान लववली आणि म्हणाले, "तुमचा मान ठेवायला नको का?"